हाडाचं मशीन सारखं बंद पडतं तेव्हा

चिपळूणहून एका ताईंनी लिहिलंय. मुलगी १० वर्षांची. जन्मापासून दोन्ही कानांची वाट बंद, आतला कान मात्र चांगला. अडीच वर्षांपूर्वी मोठ्या शहरात ऑपरेशन करून कवटीच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवला, त्यावर ऐकण्याचं मशीन. ते आवाजाची कंपनं हाडातून थेट आतल्या कानाकडे पोचवतं. पहिलं वर्ष छान गेलं. पुढच्या दीड वर्षात मशीन चारदा दुरुस्तीला गेलं. दोनदा 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी घेऊन परत आलं, एकदा आवाज कमी होऊन आलं, आणि चौथ्या खेपेला ४७ दिवस लागले. आता पुन्हा बंद आहे. वॉरंटी संपलीय आणि हातात ८५ हजारांचं एस्टिमेट आहे. त्या विचारतात: दुरुस्त करू की नवं घेऊ? आमच्या वापरण्यात काही चुकतंय का? आणि मुळात ऑपरेशनच करायला नको होतं का? शेवटी लेकीचा एक प्रश्न: जानेवारीत शाळेच्या गॅदरिंगला लेझीम आहे, मशीन लावून नाचता येईल का?

ताई, तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण झोप त्यानेच उडवली असणार. ऑपरेशन चुकलेलं नाही. तुमच्या लेकीच्या डोक्यात बसवलेला स्क्रू जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांबीचा असतो, त्यात तार नाही, बॅटरी नाही, बिघडण्यासारखं काही नाही. टायटॅनियमची हाडाशी मैत्री जमते, हाड त्याला धरून वाढतं, हे स्वीडनच्या ब्रॉनेमार्कना सशांच्या हाडांवर काम करताना दिसलं. आधी दातांसाठी त्याचा उपयोग झाला. मग १९७७ साली गोथेनबर्गमध्ये शेलस्ट्रोम नावाच्या कानाच्या सर्जननी कानामागच्या हाडात पहिले स्क्रू बसवले. एकदा नीट धरलेला स्क्रू वर्षानुवर्षं टिकतो. बिघडतंय ते वर लावायचं मशीन, आणि ते कधी ना कधी बदलावं लागणारच होतं. चार-पाच वर्षांनी नवं मशीन लागेल, हे ऑपरेशनच्या आधीच बसवून सांगायला हवं होतं. बहुतेक ठिकाणी ते घाईघाईत सांगितलं जातं किंवा राहूनच जातं. ती चूक आमच्या, म्हणजे मशीन लावून देणाऱ्यांच्या, बाजूची.

(आपल्याकडे सगळ्यांनाच सरसकट 'बाहा' म्हणतात, कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणावं तसं. ते एका कंपनीच्या मशीनचं नाव आहे. मी इथे नुसतं 'हाडाचं मशीन' म्हणते.)

आता एस्टिमेट, कंपनी, वॉरंटी हे सगळं क्षणभर बाजूला ठेवा. पहिला प्रश्न असा की आज लेक शाळेत काय ऐकतेय? वाट बंद असलेल्या कानांना साधारण ६० डेसिबलपर्यंतची घट असते, आणि आपलं रोजचं बोलणंही त्याच्याच आसपास असतं. म्हणजे बाई शेजारी उभ्या राहून बोलल्या तर ओठ बघून थोडंफार, फळ्याकडे तोंड केलं की काहीच नाही. ४७ दिवस म्हणजे दोन घटक चाचण्यांमधलं सगळं शिकवणं. मशीन दुरुस्त होईल तेव्हा होईल, पण तोवर कान बंद राहता कामा नये. त्यासाठी दोन वाटा आहेत.

एक म्हणजे स्टँडबाय मशीन. ज्या क्लिनिकमधून घेतलंत तिथे सरळ मागा, आणि तोंडी न मागता लिहून मागा. पुष्कळ ठिकाणी डेमोची मशीनं कपाटात पडून असतात. डेमोचं मशीन तिच्या स्क्रूवरच्या जोडणीत बसत नसेल तरी अडत नाही. ऑपरेशनच्या आधी ती जो डोक्याचा पट्टा वापरायची, तो सॉफ्टबँड घरात असेलच. टाकला नसेल तर शोधा. पट्ट्यावर लावलं की कंपनं कातडीतून जातात, त्यामुळे आवाज थोडा पडतो, वरच्या स्वरांत जास्त. 'स', 'श', 'च' जरा पुसट होतात. तरी काहीच नसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

दुसरी वाट जुनी आहे आणि आजकाल कुणी तिचं नावही काढत नाही: खिशातलं मशीन आणि हेअरबँडला लावलेला हाडाचा व्हायब्रेटर. दिसायला ओबडधोबड, वायर लोंबते, मुली नाक मुरडतात. पण काही हजारांत मिळतं, कुठलाही कानाच्या मशीनचा कारागीर दुरुस्त करतो, आणि त्याला पेन्सिल सेल चालतो. माझ्याकडच्या हाडाच्या मशीनवाल्या प्रत्येक मुलाच्या घरी हे असावं असा माझा आग्रह असतो. गॅसचा दुसरा सिलिंडर ठेवतो तसं.

आता 'दोष आढळला नाही' या चिठ्ठीबद्दल. या चिठ्ठीने मी स्वतः अनेकदा वैतागले आहे, आणि एकदा अशी चिठ्ठी मीच दिली आहे.

काही वर्षांपूर्वी एक शिक्षक यायचे. तक्रार एकच: दुपारी मशीन बंद पडतं. सकाळी अकराला माझ्या एसी खोलीत बसले की ठणठणीत. मी तपासलं, बॅटरी बदलली, 'व्यवस्थित आहे' असं लिहून दिलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा चेहरा असा होता की मलाच लाज वाटली. मे महिना होता. म्हटलं, सर, चार मजले चढून उतरून या, मी बरोबर येते. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ते थांबले आणि म्हणाले, 'गेलं.' तिथेच जिन्यात बॅटरीचं दार उघडलं. आत घामाचा पातळ थर, बॅटरीची भोकं झाकलेली, आणि दाराच्या हवेच्या फटीत मिठासारखी पांढरी भुकटी. खाली येऊन पंख्याखाली दहा मिनिटं बसले तर मशीन आपोआप सुरू! कंपनीच्या टेबलावर ते कधीच बंद पडलं नसतं. ते दार बदललं आणि तक्रार संपली.

या मशीनला लागते ती झिंक-एअर बॅटरी. तिला हवा लागते. रंगीत स्टिकर काढला की भोकांतून हवा आत जाते आणि मग ती जागी होते. म्हणून स्टिकर काढल्यावर मिनिट-दोन मिनिटं थांबून मग दार लावायचं. भोकं पाण्याने, घामाने, तेलाने बुजली की बॅटरी गुदमरते, मशीन बंद पडतं, आणि जरा वाळलं की पुन्हा चालू होतं. मल्टिमीटर लावून बघाल तर १.४ व्होल्ट दाखवेल, कारण मीटर तिच्याकडून काम करून घेत नाही. 'बॅटरी तर फुल आहे' हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकते. चिपळूणची जून ते सप्टेंबरची हवा आणि १० वर्षांच्या मुलीचा मधल्या सुट्टीतला घाम, दोन्ही एकत्र केलं तर तुमच्या 'दोष आढळला नाही' चं निम्मं उत्तर मला इथे बसून दिसतंय. निम्मंच म्हणते, कारण मशीन मी हातात घेतलेलं नाही.

म्हणून बिघाड तुम्हालाच पकडायचा आहे. वहीत तीन गोष्टी लिहा: किती वाजता, काय चाललं होतं, काय ऐकू आलं. 'बंद पडतं' एवढं पुरत नाही. अजिबात आवाज नाही, तुटक तुटक येतो, खरखर आहे, शिट्टी वाजते, की आवाज येतो पण भरडा येतो? या पाचांची कारणं वेगवेगळी. आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. मशीनचा दिवा लुकलुकतोय का ते दिसू दे.

मशीनच्या डबीत एक प्लास्टिकची छोटी दांडी आली असेल, तिला टेस्ट रॉड म्हणतात. बहुतेक घरांत ती सीलबंदच असते. मशीन तिच्या एका टोकाला अडकवा, दुसरं टोक स्वतःच्या कानामागच्या हाडावर टेकवा, दोन्ही कान बोटांनी घट्ट बंद करा आणि कुणाला तरी बोलायला लावा. लेकीला जे ऐकू येतं ते तुम्हाला जवळजवळ तसंच ऐकू येईल. रोज सकाळी वेणी घालायच्या आधी अर्धं मिनिट हे करा. चांगलं असताना आवाज कसा असतो हे तुमच्या कानाला पाठ झालं, की बिघाडाच्या पहिल्याच दिवशी कळेल. मुलं सांगत नाहीत. आवाज हळूहळू उतरला तर त्यांना वाटतं, बाईच हळू बोलायला लागल्या.

दांडीवर आवाज स्वच्छ आणि डोक्यावर लावल्यावर खराब, असं झालं तर मशीन निर्दोष आहे. मग बघायची जोडणी. मशीन ज्या चिमट्याने खुंटीवर टचकन बसतं, ते प्लास्टिक झिजतं आणि मशीन सैल डुलायला लागतं. हे स्वस्तातलं काम आहे, पण त्यासाठी अख्खं मशीन कुरिअरने गेल्याचंही मी पाहिलंय. दुसरं म्हणजे खुंटी. हाडातल्या स्क्रूवर ती वेगळी आवळलेली असते, आणि आवळायला २५ न्यूटन-सेंटिमीटरवर थांबणारी खास किल्ली लागते. ती किंचित जरी ढिली झाली तर खरखर येते, हात लावला की दुखतं, आणि भोवतीची कातडी चिडते. घरी पिळून बघू नका. सर्जनकडे दोन मिनिटांचं काम असतं. तिसरं, कातडी. खुंटीभोवती ती सुजली किंवा वर चढली की मशीनला टेकते आणि शिट्टी सुरू होते. आई म्हणते मशीन शिट्टी वाजवतं, कंपनी म्हणते दोष नाही, दोघंही खरं बोलत असतात. पाणी येत असेल, लाल दिसत असेल, तर आधी ईएनटीला दाखवा.

एकदा एका आजोबांना मी 'मशीन नीट हाताळत नाही' म्हणून बोलले होते. त्यांची खुंटी ढिली निघाली. तेव्हापासून माणसाला दोष द्यायच्या आधी मी डोक्याला हात लावून बघते.

दांडीवरही आवाज भरडा, फाटका येत असेल, तर मात्र मशीनच्या आतला व्हायब्रेटर गेला असायची शक्यता जास्त. बहुतेक मशीनमध्ये चुंबक-कॉइल आणि थरथरणारी लोखंडी पट्टी यांच्यामध्ये केसाइतकी बारीक हवेची फट राखलेली असते, आणि त्या फटीवर सगळा आवाज उभा असतो. मशीन बाथरूमच्या फरशीवर एकदा पडलं की बाहेर ओरखडाही दिसत नाही, पण फट हलते. म्हणून हे मशीन गल्लीतल्या कारागिराकडे उघडू देऊ नका. साधी कानाची मशीनं ते लोक उत्तम दुरुस्त करतात, माझे त्यातले दोघं-तिघं खास आहेत, पण ही फट त्यांच्याकडच्या हत्यारांनी जुळत नाही. आणि एकदा उघडलं की कंपनीही हात झटकते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. चुकत असेल तर एवढ्याच गोष्टी: रात्री मशीन कुठे ठेवता? बॅटरी काढून, दार उघडं ठेवून, सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायचं. बॅटरी त्या डबीत टाकायची नाही, तीही सुकते. जेलच्या मण्यांचा रंग पालटला की बदला. पावसात महिन्याभरात पालटतो. तांदळात ठेवू नका, तांदळाची भुकटी माइकच्या भोकांत जाते. हेअर ड्रायर नको, फ्रिजवर नको, देवघरातल्या समईशेजारी तर नकोच (हसू नका, पाहिलंय). खोबरेल तेल लावून लगेच मशीन लावत असाल तर वेणी झाल्यावर हात धुऊन लावा. पावडर, अबीर, होळीचा रंग, हे सगळं माइकच्या जाळीत जाऊन बसतं. दोन माइकपैकी एक बुजला की मशीनला आवाजाची दिशाच कळत नाही, आणि मुलगी म्हणते, 'वर्गात गोंधळ वाढलाय.'

डब्यावर 'पाण्यापासून सुरक्षित' असं लिहिलेलं असतं आणि पुढे आयपी म्हणून दोन आकडे. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. ती परीक्षा कारखान्यात, नव्या मशीनवर, साध्या पाण्याने झालेली असते. दोन वर्षं वापरलेल्या मशीनचं रबर आणि कोकणातला खारा घाम त्या परीक्षेला बसलेले नव्हते.

'आवाज कमी होऊन आलं', या तिसऱ्या खेपेबद्दल मला जवळजवळ खात्री आहे. आतलं सर्किट बदललं किंवा बदली मशीन दिलं की त्यात तिचं सेटिंग नसतं. कारखान्याचं कोरं सेटिंग असतं, तेही सावधगिरीने हळू ठेवलेलं. तिचं सेटिंग क्लिनिकच्या कॉम्प्युटरमध्ये असतं, ते परत भरावं लागतं. आणि नुसतं भरून भागत नाही. मशीन तिच्या डोक्यावर लावून, त्यातूनच बारीक आवाज देऊन, तिला कुठून ऐकू येतं ते नव्याने मोजावं लागतं. दुरुस्त मशीन कुरिअरने थेट घरी आलं असेल तर हे कुणी केलेलंच नसणार. माझ्याकडे एक काकू असं कोरं मशीन दोन महिने लावून बसल्या होत्या आणि 'वयामुळे आता कमी ऐकू येतं' अशी स्वतःची समजूत घालत होत्या. मशीन परत आलं की क्लिनिकमधूनच घ्या, सेटिंग भरून घ्या, आणि खालचा अनुक्रमांक तुमच्या बिलाशी ताडून बघा. वेगळा असेल तर ते तुमचं मशीन नाही, बदली दिलेलं आहे. बदली चालतं, पण ते जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, लिहिलेलं हवं.

दुरुस्तीला इतका वेळ का लागतो, याचं प्रामाणिक उत्तर असं. साधं कानातलं मशीन तपासायला दोन घन सेंटिमीटरची एक छोटी पोकळी आणि एक माइक पुरतो, जिल्ह्याच्या गावीही ती सोय असते. हाडाचं मशीन तपासायला लागतो स्कल सिम्युलेटर, म्हणजे कवटीसारखा भार देऊन मशीनची कंपनं मोजणारं यंत्र. तो मोजक्याच ठिकाणी असतो. त्यामुळे क्लिनिक तपासतच नाही, पुढे पाठवतं. पुढचे लोक त्यांच्याही पुढे पाठवतात, पुष्कळदा परदेशी. गिऱ्हाइकं कमी, म्हणून इथे सुटे भाग साठवणं कुणाला परवडत नाही. मग कस्टम, मग एस्टिमेट, मग तुमचा होकार, मग पैसे, मग पुन्हा तोच रस्ता उलटा. यात प्रत्यक्ष दुरुस्ती तासाभराची असते. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काची चर्चा सुरू केली, तेव्हा शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली उपकरणं आणि गाड्या ही क्षेत्रं निवडली. कानाची मशीनं त्या यादीत नाहीत. ट्रॅक्टरला जे मिळायला हवं ते मुलीच्या कानाला का नको, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

आता ८५ हजारांचं. होकार द्यायच्या आधी चार गोष्टी लेखी मागा: नेमका कुठला भाग बदलणार, दुरुस्तीनंतर किती महिन्यांची वॉरंटी आणि ती फक्त त्या भागाची की पूर्ण मशीनची, या मॉडेलचे सुटे भाग किती वर्षं मिळणार, आणि किती दिवसांत परत. तिसऱ्या उत्तराकडे जास्त लक्ष द्या. मॉडेल बंद झालं की काही वर्षांनी कंपनी भाग पुरवणं थांबवते. तो दिवस वर्षभरावर आला असेल तर ८५ हजार पाण्यात. माझा स्वतःचा ठोकताळा असा: दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत, पूर्ण मशीनवर निदान सहा महिन्यांची वॉरंटी, आणि पुढची तीन वर्षं भाग मिळणार, हे तिन्ही असेल तर दुरुस्त करा. एकही नसेल तर ते पैसे नव्याकडे वळवा. मधल्या परिस्थितीत भाव करा. जुनं मशीन परत घेऊन नव्यावर सूट मिळते का ते विचारा. कुणी आपणहून सांगत नाही, पण विचारलं तर पुष्कळदा मिळते.

मात्र तुमच्या बाबतीत त्याआधी एक पायरी आहे. चारपैकी किती खेपा वॉरंटीच्या आत होत्या? तारखा तुम्ही लिहिलेल्या नाहीत. तोच बिघाड वॉरंटीत असताना नोंदवला होता, तो दूर झाला नाही आणि आता वॉरंटी संपल्यावर त्याचेच पैसे मागतायत, असं असेल तर ते एस्टिमेट मान्य करू नका. चारही जॉबशीट, कुरिअरच्या पावत्या आणि वही एकत्र करा आणि क्लिनिकला व कंपनीला एकच ईमेल पाठवा. राग नको, तारखा लिहा. 'अमुक तारखेला हीच तक्रार नोंदवली, अमुक तारखेला दोष नाही म्हणून परत आलं, अमुक दिवसांनी पुन्हा तेच.' खाली मागणी एक ओळीची: मोफत दुरुस्ती किंवा बदली मशीन, आणि तोवर स्टँडबाय. १५ दिवसांची मुदत द्या.

त्या ईमेलला जोडायला सगळ्यात वजनदार कागद म्हणजे तिची श्रवणचाचणी. मशीन चालू-बंद होतंय त्या काळातच करून घ्या. एका शांत खोलीत स्पीकरमधून आवाज देऊन, एकदा मशीनशिवाय आणि एकदा मशीन लावून मोजतात. स्कल सिम्युलेटर नसला तरी ही चाचणी होते, आणि मशीन किती मदत करतंय ते डेसिबलमध्ये कागदावर येतं. ज्यांनी मशीन विकलं त्यांच्याकडे करू नका. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही केंद्र सरकारची संस्था आहे. नाहीतर एखाद्या मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या श्रवण विभागात जा. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या ठिकाणचा आलेख पाहिला की समोरच्याचा सूर बदलतो, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

मुदत संपली आणि उत्तर नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मोठ्या शहरात खेटे घालायची गरज नाही. मशीनसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. वकील सक्तीचा नाही. तरी खरं सांगते, आयोगापर्यंत जावं लागलं तर तोवर लेक सातवीत जाईल. ते शेवटचं अस्त्र आहे. आधीचा तारखांचा ईमेल नीट लिहिलात तर बहुधा त्यावरच भागेल.

नवं घ्यायची वेळ आलीच, तर एक सावधगिरी. तिच्या डोक्यावरच्या खुंटीत कुठली मशीनं बसतात ते सर्जनच्या ऑपरेशनच्या कागदावरून पक्कं करा. काही जुन्या जोडण्या एकमेकांत चालतात, सगळ्या नाहीत. कुणी म्हणेल, आता व्हायब्रेटर कातडीच्या आत बसवायची नवी तऱ्हा आहे, तिकडे वळा. बोनब्रिज, ओसिया ही त्यातली नावं. ज्यांची कातडी वारंवार चिघळते त्यांच्यासाठी ती खरंच चांगली आहेत. पण आतला भाग बिघडला तर दुरुस्ती म्हणजे ऑपरेशन. बाहेर असलेली वस्तू पडते, भिजते, हरवते, पण बाहेर असते म्हणून बदलता येते. स्क्रू घट्ट आणि कातडी निरोगी असताना दुरुस्तीच्या वैतागापायी नवं ऑपरेशन करू नका.

आणि लेकीला सांगा, लेझीम खेळायची. मशीनला एक बारीक सुरक्षा-दोरी येते, एक टोक मशीनच्या कडीत आणि दुसरं कपड्याला चिमट्याने. चिमटा कॉलरला न लावता पाठीच्या बाजूला, खांद्याखाली लावा, म्हणजे हात वर गेला तरी ओढ बसत नाही. फेटा बांधणार असतील तर तो मशीनवरून नको. कापड माइकला घासलं की तिला हलगीऐवजी नुसती खरखर ऐकू येईल. फेटा त्या बाजूला बोटभर वर बांधायला सांगा, किंवा सरळ गजरा लावा. नाच संपल्यावर मशीन काढून सुती रुमालाने पुसायचं, बॅटरीचं दार उघडायचं, आणि तिने पाणी पिऊन होईपर्यंत उघडंच ठेवायचं.